३३ हरले, २७ जिंकले!

राज्यसभेची निवडणूक ही एरवी पेपरच्या आतल्या पानावरची बातमी. जेवढ्या जागा तेवढेच अर्ज, सगळे बिनविरोध, हारतुरे, फोटो, विषय संपला. महाराष्ट्रात १९९८ साली काँग्रेसचे राम प्रधान पडले, त्यानंतर तब्बल २४ वर्षं राज्यसभेसाठी मतपेटी काढायची वेळच आली नव्हती.

१० जून २०२२ ला ती आली. जागा सहा, उमेदवार सात. सहाव्या जागेवर समोरासमोर कोण, तर भाजपचे धनंजय महाडिक आणि शिवसेनेचे संजय पवार. दोघेही कोल्हापूरचे! त्याआधी याच जागेसाठी अपक्ष उभं राहायची तयारी करून मग माघार घेतलेले संभाजीराजे छत्रपती, तेही कोल्हापूरचेच. मतदान मुंबईत विधान भवनात, जीव टांगणीला कोल्हापुरात.

मोजणी संध्याकाळी व्हायची, ती अडली रात्री उशिरापर्यंत. राज्यसभेला आमदाराचं मत गुप्त नसतं. मतपत्रिका आपल्या पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते, आणि ती त्यानंच बघायची, शेजारच्यानं नाही. कोणी कुणाला कशी दाखवली यावरून दोन्हीकडच्या तक्रारी थेट दिल्लीला गेल्या. निवडणूक आयोगानं शिवसेनेचे आमदार सुहास कांदे यांचं मत बाद केलं आणि पहाटे कधीतरी निकाल लागला. पहिल्या पसंतीची मतं अशी: संजय पवार ३३, धनंजय महाडिक २७. निवडून आले महाडिक.

चहाच्या टपरीवर हे गणित समजावून सांगताना भल्याभल्यांची दांडी गुल होते, म्हणून जरा सावकाश. वैध मतं २८४. प्रत्येक मताचं मूल्य १०० धरतात, म्हणजे एकूण २८,४००. जागा सहा, त्यात एक मिळवून सातानं भागायचं, अपूर्णांक सोडून द्यायचा आणि वर एक टाकायचा. आला कोटा: ४,०५८. म्हणजे एका खासदाराला ४१ मतंही पुरून उरतात. भाजपच्या पीयूष गोयल आणि अनिल बोंडे यांना प्रत्येकी ४८ मतं पडली होती. त्यांच्या गरजेपुरती काढून घेतल्यावर दोघांकडे सात-सात मतांएवढं मूल्य शिल्लक राहिलं आणि त्या मतपत्रिकांवर दुसरी पसंती होती महाडिकांची. २७ अधिक १४, झाले ४१. पवारांना त्यांच्या महाविकास आघाडीच्या बाकी तिघांकडून फार तर सहा मतांएवढी उसनवारी मिळू शकत होती. गाडी ३९ च्या आसपास अडकणारच होती.

आता खरी गंमत. आघाडीच्या चौघांची मतं मिळवा: ४४, ४३, ४१ आणि ३३. बेरीज १६१. चार जागांना लागणारं मूल्य १६,२३२ आणि हातात १६,१००. म्हणजे ३३ विरुद्ध २७ हा आकडा नुसता देखावा होता. खरी तूट होती सव्वा मताची! मग कांदेंचं मत बाद झालं नसतं तर? तेही करून बघा. मतं २८५ झाली की कोटाही वाढून ४,०७२ होतो. चार जागांना १६,२८८ लागले असते आणि जवळ असते १६,२००. तरीही फसलेच असते. एका बाद मतावरून रात्रभर भांडण झालं, आणि त्या मतानं निकाल बदलणारच नव्हता.

दिल ऐसा किसीने... दुसऱ्यांदा

आपल्याकडे दुसऱ्या पसंतीचा हा खेळ मुख्यतः आमदार-खासदारांपुरता आणि एकाच कागदावर चालतो. पश्चिम आफ्रिकेत तो सगळा देश खेळतो आणि त्यासाठी दोनदा रांगेत उभा राहतो. सेनेगल, बेनिन, घाना, लायबेरिया, गिनी अशा बऱ्याच देशांत राष्ट्राध्यक्षाची निवडणूक खासबागेतल्या निकाली कुस्तीसारखी असते. नुसतं पुढे असून भागत नाही, निम्म्याहून जास्त मतं घेऊन समोरच्याला चीतपटच करावं लागतं. पहिल्या फेरीत कुणालाच ते जमलं नाही की पहिले दोघं राहतात, बाकीचे घरी जातात आणि काही आठवड्यांनी पुन्हा मतदान.

पहिल्या फेरीत पहिला आलेला दुसऱ्या फेरीत जिंकतोच असं समजत असाल, तर सेनेगलच्या अब्दुलाये वाद यांना भेटा. २००० साली पहिल्या फेरीत राष्ट्राध्यक्ष अब्दू दियुफ यांना ४१ टक्के मतं होती आणि वाद यांना ३१. दुसऱ्या फेरीत बहुतेक विरोधक वाद यांच्यामागे गेले आणि ते ५८ टक्क्यांनी जिंकले. बारा वर्षांनी, २०१२ मध्ये, वाद स्वतः राष्ट्राध्यक्ष. वय ८५. पहिल्या फेरीत तेच पुढे, जवळपास ३५ टक्के. दुसऱ्या क्रमांकावर त्यांच्याच तालमीत तयार झालेले माजी पंतप्रधान माकी साल, २६ टक्के. दुसऱ्या फेरीत बाकीचे सगळे सालांच्या मागे गेले आणि साल ६५ टक्क्यांच्या पुढे. ज्या डावानं गादी मिळाली त्याच डावानं गेली. मात्र वादसाहेबांनी त्याच संध्याकाळी फोन करून शिष्याचं अभिनंदन केलं. हे विशेष, कारण त्या भागात सगळेच फोन करत नाहीत.

फुटबॉलवाला राष्ट्राध्यक्ष

कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे नाद खुळा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार असा सामना असला की पेठा रिकाम्या होतात, आणि आफ्रिकेतून आलेले खेळाडूही इथल्या संघांतून खेळून गेलेत. तेव्हा जॉर्ज विया यांची ओळख करून द्यायला नको. एसी मिलानचा हा स्ट्रायकर १९९५ साली जगातला सर्वोत्तम ठरला. देश लायबेरिया.

यादवी युद्ध संपल्यावर लायबेरियात २००५, २०११, २०१७ आणि २०२३ अशा चार निवडणुका झाल्या. चारही दुसऱ्या फेरीत गेल्या आणि चारही वेळा विया मैदानात! २००५ साली पहिल्या फेरीत ते २८ टक्क्यांनी पुढे होते. दुसऱ्या फेरीत एलेन जॉन्सन सरलीफ यांनी त्यांना हरवलं आणि आफ्रिकेला पहिली निवडून आलेली महिला राष्ट्राध्यक्ष मिळाली. २०११ मध्ये विया उपराष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार होते. त्यांच्या पक्षानं दुसऱ्या फेरीवर बहिष्कार घातला, तेव्हा सरलीफबाई ९० टक्क्यांनी आल्या. २०१७ मध्ये विया ६१ टक्क्यांनी जिंकले. २०२३ मध्ये पहिल्या फेरीत त्यांना ४३.८३ टक्के आणि जोसेफ बोआकाईंना ४३.४४. दुसऱ्या फेरीत बोआकाई ५०.६४, विया ४९.३६. म्हणजे देशभरात वीस हजारांच्या आसपास मतांचा फरक. शाहू स्टेडियम एका खेपेला भरतं तेवढाच. वियांनी मुकाट पराभव मान्य केला.

एका टक्क्याच्या आत हुकलेली खुर्ची

घाना, डिसेंबर २००८. नाना अकुफो-अड्डो यांना पहिल्या फेरीत ४९.१३ टक्के. पन्नाशीला एक टक्काही कमी नाही! दुसरी फेरी २८ डिसेंबरला झाली. ती इतकी अटीतटीची की निकाल जाहीर करायला एकाच मतदारसंघाची वाट बघावी लागली. टेन नावाचा हा ग्रामीण मतदारसंघ. तिथलं मतदान राहून गेलं होतं, ते २ जानेवारीला घेतलं. सगळा देश एका तालुक्याकडे बघत बसला. शेवटी जॉन अट्टा मिल्स ४०,५८६ मतांनी राष्ट्राध्यक्ष झाले. अकुफो-अड्डोंनी पुढे आणखी दोनदा दंड थोपटले आणि २०१६ साली खुर्ची मिळवलीच.

गिनीचा किस्सा चिकाटीचा. २०१० साली पहिली फेरी जूनमध्ये आणि दुसरी नोव्हेंबरमध्ये. मधे चार महिने! पहिल्या फेरीत सेलू दालेन डियालो यांना ४३ टक्के, अल्फा काँडे यांना जेमतेम १८. एवढ्या मोठ्या दरीवरून काँडे उडी मारून ५२ टक्क्यांवर पोचले.

सिएरा लिओनमध्ये तर पहिल्याच फेरीत जिंकायला निम्मी मतं पुरत नाहीत, ५५ टक्के लागतात.

आणि बेनिन. हे प्रकरण आपल्या राजकारण्यांनी जरूर अभ्यासावं. १९९१ साली निसेफोर सोग्लो यांनी राष्ट्राध्यक्ष मॅथ्यू केरेकू यांना दुसऱ्या फेरीत पाडलं. १९९६ साली केरेकूंनी सोग्लोंना दुसऱ्या फेरीत पाडलं. इथवर फिटंफाट. २००१ साली पुन्हा हेच दोघं दुसऱ्या फेरीत आले, पण सोग्लोंनी गैरप्रकाराचा आरोप करून माघार घेतली. मग तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला बोलावलं, त्यानंही नकार दिला. शेवटी चौथ्या क्रमांकाचे ब्रुनो अमुसू उभे राहिले. ते कोण? केरेकूंच्याच मंत्रिमंडळातले मंत्री! केरेकू ८३ टक्क्यांनी विजयी. ‘मैत्रीपूर्ण लढत’ हा शब्द आपण उगाच वापरतो, ती बघायची तर बेनिनमध्ये.

१२ पूर्णांक २ तृतीयांश राज्यं

नायजेरियात १९७९ साली नियम होता की उमेदवाराला सर्वाधिक मतं तर हवीतच, शिवाय दोन तृतीयांश राज्यांत किमान पाव मतंही हवीत. राज्यं होती १९. आता १९ चे दोन तृतीयांश किती? १२ पूर्णांक २ तृतीयांश. शेहू शगारी यांना १२ राज्यांत पाव मतं होती, तेराव्यात, म्हणजे कानोमध्ये, नव्हती. त्यांच्या बाजूनं युक्तिवाद झाला: तेरावं राज्य आम्हाला पूर्ण लागतच नाही, कानोच्या दोन तृतीयांश मतांची पाव मतं दाखवली की झालं. विरोधी उमेदवार ओबाफेमी अवोलोवो सर्वोच्च न्यायालयात गेले आणि हरले. अपूर्णांकाच्या जोरावर शगारी राष्ट्राध्यक्ष झाले. वर आपण राज्यसभेच्या भागाकारात अपूर्णांक फेकून दिला होता, लक्षात आहे ना? तिथं तो जपून ठेवला.

टण्!

गांबियात मतपत्रिकाच नाही. गोट्या! खऱ्याखुऱ्या काचेच्या. १९६० च्या दशकात, बहुतेक मतदारांना वाचता येत नव्हतं तेव्हा ही पद्धत सुरू झाली. मतदाराला एक गोटी देतात. आडोशामागे पत्र्याचे पिंप ओळीनं मांडलेले, प्रत्येकाला उमेदवाराच्या पक्षाचा रंग आणि त्यावर त्याचा फोटो. पिंपाच्या वरच्या नळीत गोटी सोडायची, ती आतल्या घंटेवर आपटते आणि बाहेर बसलेल्या अधिकाऱ्याला ऐकू येतं, ‘टण्’. दोनदा आवाज आला तर समजायचं, साहेबांनी खिशातून जादाची गोटी आणलीय. पिंपाच्या तळाशी वाळू किंवा लाकडाचा भुसा पसरतात, म्हणजे गोटी पडल्यावर पुन्हा खणखणाट नको. आणि मतदानाच्या दिवशी केंद्राच्या आसपास सायकलला बंदी! कारण सायकलची घंटी अगदी तशीच वाजते.

मोजणी त्याहून देखणी. भोकं पाडलेल्या लाकडी पाटात गोट्या ओतायच्या, सगळी भोकं भरली की एवढी मतं. आकडा डोळ्यांना दिसतो, बटणाचा संशय नाही, कागदाचा घोळ नाही. मला विचाराल तर जगातली सगळ्यात लोभस मतमोजणी हीच.

याच गोट्यांनी २०१६ साली, १९९४ पासून सत्तेला चिकटून बसलेल्या याह्या जामे यांना खाली खेचलं. गांबियात दुसरी फेरी नाही, त्यामुळे अडामा बॅरो ४३ टक्क्यांवरच जिंकले. जामेंनी आधी हार मानली, मग शब्द फिरवला. बॅरोंना शपथ घ्यावी लागली ती शेजारच्या सेनेगलमधल्या आपल्या वकिलातीत.

दुसरी फेरी नेहमी गमतीचीच असते असं मात्र नाही. आयव्हरी कोस्टमध्ये २०१० साली निकालाचा कागद कॅमेऱ्यांसमोर फाडला गेला, ४ डिसेंबरला दोन राष्ट्राध्यक्षांनी एकाच दिवशी शपथ घेतली, आणि पुढच्या काही महिन्यांत तीन हजारांहून जास्त माणसं मेली.

राष्ट्रपती ठरवणारा तिसरा माणूस

‘राष्ट्रपतिपदाची दुसरी फेरी’ भारतात एकदाच झाली, तीही कागदावर. आणि तिच्या मध्यभागी होता एक मराठी माणूस. ऑगस्ट १९६९. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी. इंदिरा गांधींचा कल अपक्ष व्ही. व्ही. गिरींकडे, म्हणून त्यांनी आमदार-खासदारांना ‘सदसद्विवेकबुद्धीनं मत द्या’ असं सांगितलं. तिसरे उमेदवार चिंतामणराव देशमुख. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, आणि मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही म्हणून १९५६ साली केंद्रातलं अर्थमंत्रिपद सोडून आलेले. त्यांना जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाचा पाठिंबा होता.

पहिल्या पसंतीचे आकडे असे: गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८, देशमुख १,१२,७६९. जिंकायला हवे होते ४,१८,१६९. मग एकेक उमेदवार बाद करत त्यांच्या मतपत्रिकांवरच्या दुसऱ्या पसंत्या वाटायला सुरुवात झाली. पंधरा उमेदवार होते, पण खरा साठा होता देशमुखांचा. त्यातलं बहुतेक रेड्डींकडे गेलं. रेड्डींच्या खात्यात ९१,८७९ ची भर पडली आणि गिरींच्या फक्त १८,५६२ ची. तरीही गिरी ४,२०,०७७ वर पोचले आणि रेड्डी ४,०५,४२७ वर थांबले. कोट्याच्या वर गिरींचे जेमतेम १,९०८! आणि हे मूल्य आहे, डोकी नव्हेत. डोक्यांनी मोजायचं तर काही आमदारांचा प्रश्न. त्या काही आमदारांमुळे त्याच वर्षी काँग्रेस फुटली. रेड्डीही शेवटी राष्ट्रपती झाले, १९७७ साली, बिनविरोध.

जाता जाता: महाराष्ट्रातल्या एका आमदाराच्या मताचं मूल्य राष्ट्रपती निवडणुकीत १७५ असतं, आणि ते अजूनही १९७१ च्या जनगणनेवरून काढतात. कोल्हापूर जिल्ह्यात दहा आमदार, म्हणजे जिल्ह्याचं वजन १,७५०. एका सिक्कीमच्या आमदाराचं मूल्य ७. एकटा कोल्हापूर जिल्हा अडीचशे सिक्कीमी आमदारांएवढा भारी! जगात भारी म्हणतात ते असंच थोडं आहे?

जांभळं स्केचपेन

सामान्य कोल्हापूरकराला पसंतीक्रमाचं मत देता येतं ते पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघात. पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर असे पाच जिल्हे मिळून एक मतदारसंघ. २०२० साली पदवीधरला ६२ उमेदवार होते. मतपत्रिका उघडायची म्हणजे लग्नाच्या पंगतीतली पत्रावळ नव्हे, अख्खा पेपर उलगडण्याचा प्रकार. मतदान केंद्रावर आयोगानं दिलेलं जांभळं स्केचपेन असतं आणि त्यानंच लिहायचं. नावापुढे आकडा टाकायचा, ‘1’ चालतो, ‘१’ चालतो, रोमनही चालतो. अक्षरी ‘एक’ लिहिलं की बाद. बरोबरची खूण केली की बाद. खुशीत सही ठोकली की बाद. आणि हे सगळं दर खेपेला हजारो पदवीधर करतात! शिकलेल्या माणसाला सही करण्याचा मोह आवरत नाही, हेच खरं.

त्या वेळी पदवीधरला अरुण लाड यांनी पहिल्या पसंतीतच मैदान मारलं. शिक्षकमध्ये कोल्हापूरचे जयंत आसगावकर पुढे होते, पण कोटा भरत नव्हता. मग बालेवाडीत तळाकडून एकेक उमेदवार बाद करायचा, त्याचे गठ्ठे सोडायचे, दुसरी पसंती वाचायची, पुन्हा बेरीज. पश्चिम आफ्रिकेत या कामाला काही आठवडे आणि दुसरा प्रचार लागतो. इथं कर्मचाऱ्यांच्या डोळ्यांखालची वर्तुळं तेवढी वाढतात.

हातकणंगल्यात दुसरी फेरी झाली असती तर

लोकसभेला आपल्याकडे सगळ्यात पुढचा तो खासदार, मग टक्के कितीही असोत. २०२४ ला हातकणंगल्यात धैर्यशील माने यांना ५,२०,१९०, सत्यजित पाटील-सरूडकर यांना ५,०६,७६४ आणि ऊस आंदोलनाचे नेते राजू शेट्टींना १,७९,८५० मतं पडली. माने साधारण ४० टक्क्यांवर खासदार झाले, फरक १३,४२६. नियमात काहीच चूक नाही. पण इथं लायबेरियाच्या राष्ट्राध्यक्षपदाचा नियम असता, तर माने आणि सरूडकर यांना काही आठवड्यांनी पुन्हा समोरासमोर यावं लागलं असतं. आणि मधल्या आठवड्यांत? दोन्हीकडच्या गाड्या शेट्टींच्या शिरोळच्या दिशेनं. शेट्टींची पावणेदोन लाख मतं कुणीकडे झुकणार यावर सगळा खेळ. टनामागं उसाला दर किती देणार, एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान दर, एकरकमी की तुकड्यानं, मागचं देणं कधी? उसाच्या आंदोलनांत जे प्रश्न रस्त्यावर ओरडून विचारावे लागतात, त्यांची उत्तरं घेऊन दोन्ही उमेदवार बांधावर आले असते. आणि पहिल्या फेरीत शेट्टींवर टीका केलेल्या भाषणांच्या क्लिपा दोन्ही बाजूंच्या पोरांनी गुपचूप मोबाइलमधून उडवल्या असत्या.